भारती टीचरची कॉपी

भारतीबाई नांदेडकरांनी छत्तीस वर्षं गणित शिकवलं आणि छत्तीस वर्षं कॉपी पकडली. हैदराबादेत मराठी शाळा मोजक्याच, त्यामुळे शहरातल्या निम्म्या मराठी घरांत त्यांनी पकडलेला एखादा तरी माणूस निघायचाच. बाहीच्या आत, कंपासपेटीच्या तळाशी, बुटात, वेणीच्या रिबिनीत, कुठलीही चिठ्ठी त्यांच्या नजरेतून सुटत नसे. मारायच्या नाहीत. नुसत्या चष्म्यावरून बघायच्या, आणि पोरगं आपणहून चिठ्ठी काढून द्यायचं.

अशा बाईंनी वयाच्या बहात्तराव्या वर्षी, बरकतपुऱ्यातल्या स्वतःच्या घरात, दिवसाढवळ्या कॉपी करायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे रीतसर तयारीच केली. त्यांचं म्हणणं असं, की कॉपी करायचीच तर ती पकडणाऱ्याच्या अकलेने करावी.

त्याचं कारण तीन महिने मागे जातं. तीन महिन्यांपूर्वी बाईंना स्ट्रोक आला. तो का आला, हे मला सांगायलाच हवं, कारण बाई ते कुणाला सांगत नव्हत्या. बीपीची गोळी त्यांना बारा वर्षांपासून चालू होती. म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चालू होती. त्या गोळीने पाय सुजतात असं त्यांचं ठाम मत, म्हणून रोज घेत नसत. तपासणीच्या आधी तीन दिवस मात्र न चुकता घेत. तपासणीला आकडा सुरेख यायचा, डॉक्टर खूश व्हायचे, आणि एकदा तर इतके खूश झाले की त्यांनी डोसच निम्मा केला. परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्या पोरांना बाईंनी जन्मभर फैलावर घेतलं होतं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण त्यांना चांगली पाठ होती. ती आपल्याला लागू नाही, एवढंच.

मग एका सकाळी डाव्या हातातून कप पडला. समोरच्या दारातून उषाताई बिदरकर धावत आल्या, आरडाओरडा करू लागल्या, तेव्हा बाई आधी चांगली साडी नेसल्या. मग शिल्लक गोळ्यांमधल्या चार एकदम गिळल्या, डॉक्टरांना आकडा वाईट दिसू नये म्हणून! आणि मग ऑटोत बसल्या. पुढे हात सुधारला, पाय सुधारला. सुधारलं नाही ते डाव्या बाजूचं दिसणं. समोर बघितलं की जगाची उजवी बाजू शाबूत, आणि डावीकडे काही नाही. अंधारही नाही, नुसतं नाही. जेवताना ताटातली डावी बाजू, म्हणजे मीठ, चटणी, लोणचं, सगळं तसंच राहून जायचं. बीपीच्या दृष्टीने हे बरंच झालं, पण बाईंना वाटायचं, उषाने आज पुन्हा लोणचं वाढलं नाही. हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले होते, हे कदाचित सुधारेल. घरी आल्यावर आठवड्याभरात बाईंनी जाहीर करून टाकलं, की सुधारलं.

खरं फक्त उषाताईंना ठाऊक होतं.

आता परीक्षेचं. बाईंच्या हॉस्पिटलात स्ट्रोकच्या पेशंटांचा अभ्यास चालला होता. कुणाला कशाने होतो आणि पुढे त्यांचं काय होतं, असा. घरी सोडताना डॉक्टरांनी बाईंच्या एकुलत्या एका मुलाला, गिरीशला, समजावून सांगितलं. तीन महिन्यांनी एक मुलगी घरी येईल, तपासेल, प्रश्न विचारेल आणि शून्य ते सहामधला एक आकडा देईल. शून्य म्हणजे ठणठणीत. दोनपर्यंत एकटं राहायला हरकत नाही. तीन आला तर सोबत हवीच.

"आणि सहा?" बाईंनी विचारलं होतं. शून्य हा सगळ्यांत चांगला आकडा, हेच त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

"सहा म्हणजे पेशंट गेला, अम्मा," डॉक्टर म्हणाले.

"मग त्याला मार्क कशाला देता? गैरहजर लिहा."

गिरीश हसला नाही. "दोन आला तर तू बरकतपुऱ्यात राहा, मी एक शब्द बोलणार नाही," तो म्हणाला. "तीन आला तर कुकटपल्ली. मग तू एक शब्द बोलायचा नाही."

गिरीश कुकटपल्लीला एकोणिसाव्या मजल्यावर राहायचा. तो आणि त्याची बायको अमृता, दोघं सकाळी आठला बाहेर पडत, ते दिवेलागणीनंतर उगवत. दोघंही गुणाची, त्यात वाद नाही. पण बाई तिथे एकदा पंधरा दिवस राहून आल्या होत्या. पंधरा दिवसांत त्यांच्याशी बोललं ते लिफ्टमधलं मशीन. बरकतपुऱ्यात भाजीवाला यादगिरी त्यांना 'टीचरम्मा' म्हणून हाक मारायचा आणि टोमॅटो तोलताना हिशेब चुकला तर स्वतःचेच कान पकडायचा. छत्तीस वर्षं ज्या खिडकीत बसून वह्या तपासल्या ती खिडकी इथे होती. आणि उषा इथे होती. बाईंना इथून हलायचं नव्हतं, काही झालं तरी हलायचं नव्हतं.

शिल्पा जाधव नावाच्या त्या मुलीचा फोन आला, तेव्हा बाईंनी स्वतःच वार ठरवून दिला.

"सोमवारी ये. सकाळी दहाला."

"हौ टीचर, मंडे चालतंय ना. तुम्ही परेशान नका होऊ, सिंपल टेस्ट असतंय."

रविवारी संध्याकाळी साडेसातला उषाताई विरजण मागायला आल्या. अडुसष्ट वर्षांच्या, वीज खात्यातून निवृत्त, एकट्या राहणाऱ्या आणि एकटं राहिल्याचं सगळं बोलणं साठवून दुसऱ्याकडे ओतणाऱ्या. बीपी त्यांनाही होतं. तीन दिवसांच्या गोळ्यांची युक्ती बाईंनीच त्यांना शिकवली होती. बाईंना स्ट्रोक आलेला बघून त्या घाबरल्या, आठवडाभर रोज गोळी घेतली, मग भीती गेली आणि गोळीही गेली. बाईंनी विरजणाची वाटी हातात दिली आणि बेत सांगितला.

बेत साधा होता. ती मुलगी समोर बसून दोन्ही हात बाजूंना धरणार आणि बोटं हलवणार. कधी डावीकडचं, कधी उजवीकडचं, कधी दोन्ही, कधी कुठलंच नाही. पेशंटने नाकाकडे बघत सांगायचं. उजवं बाईंना दिसणार होतं. डाव्याचं काम उषाताईंकडे. त्यांनी बाईंच्या डाव्या हाताला बसायचं आणि डावीकडचं बोट हललं की टेबलाखालून बाईंचा पाय आपल्या उजव्या पायाने दाबायचा. नाही हललं तर गप्प.

"मला खोटं जमत नाही गं भारती," उषाताई म्हणाल्या. "मी कुछ तरी बडबडते आणि सगळं बाहेर येतं."

"म्हणून तर सोमवार घेतला. सोमवारी जेवणापर्यंत तुझं मौन असतं ना?"

उषाताईंनी वाटी दोन्ही हातांनी धरली. सव्वीस वर्षं त्या दर सोमवारी सकाळी उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत तोंडातून शब्द काढत नसत. "मौनात कॉपी? शंकर काय म्हणेल?"

"मौन तोंडाचं असतं. पायाचं कुठे लिहिलंय?"

उषाताई इतक्या हसल्या की विरजण हिंदकळलं. मग दोघींनी टेबलाशी बसून तालीम केली. वीसपैकी वीस बरोबर.

सोमवारी साडेनऊला लँडिंगवर सपातांचा आवाज आला आणि डावीकडची खुर्ची सरकली. बाईंनी तिकडे न बघता विचारलं, "आलीस?" टेबलाखाली पायावर एकदा दाब आला. बाई खुदकन हसल्या. खरं सांगायचं तर वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांना पाचवीतल्या पोरीसारखी मजा येत होती. जी मुलं आपण पकडली त्यांना हे असं वाटत होतं तर, त्यांच्या मनात आलं.

शिल्पा दहा वाजून दहा मिनिटांनी आली. पंचविशीची, खांद्याला बॅग, हातात टॅब. "या उषामावशी का? नमस्ते मावशी." उषाताईंनी हात जोडले. "सोमवारचं मौन आहे तिचं," बाईंनी खुलासा केला, आणि आपलं कसं सगळं ठीक चाललंय ते दिसावं म्हणून स्वतः उठून चहा आणला. कप मोजून उजवीकडेच ठेवले होते, त्यामुळे काही सांडलं नाही.

आधी वाचन झालं. चार भाषांतली कार्डं होती. बाईंनी मुद्दाम मराठी मागितलं, कारण शिल्पा मराठी बोलायची भराभर, पण वाचायची बोट ठेवून. प्रत्येक ओळीतले डावीकडचे दोन-तीन शब्द बाईंना दिसत नव्हते. ते त्यांनी मनाने घातले, आणि इतक्या वेगाने घातले की शिल्पाचं बोट पहिल्या ओळीच्या मध्यावरच राहिलं.

"एकदम फास्ट टीचर! मेरेकू तर अर्धंपण नाही झालं."

"तुमच्या पिढीचं मराठी म्हणजे नुसता आनंद आहे," बाई म्हणाल्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

मग बोटं. शिल्पाने खुर्ची पुढे ओढली, टॅब मांडीवर घेतला आणि हात पसरले. "माझ्या नाकाकडं बघा. नजर हलवायची नाही हां."

दाब नाही, उजवं दिसलं. "उजवं." दाब आला. "डावं." दाब आला, उजवंही दिसलं. "दोन्ही." दाब नाही, दिसलं काहीच नाही. "फसवतेस होय? कुठलंच नाही." शिल्पा हसली. प्रत्येक उत्तरानंतर ती टॅबवर टिचकी मारत होती. सात झाले, आठ झाले, नववं "दोन्ही" झालं. नऊपैकी नऊ. बाईंना वाटलं, आता या पोरीने विचारावं, तुमचं वय खरंच बहात्तर आहे का.

दहाव्याला काहीच दिसलं नाही. पायावर दाब नव्हता. "कुठलंच नाही," बाई म्हणाल्या. शिल्पाच्या कपाळावर बारीक आठी पडली.

अकरावं. उजवं हललं. दाब नाही. "उजवं."

"टीचर, परत एकदा करू का? थकलात?"

बाईंनी टेबलाखाली उषाताईंच्या पायावर स्वतःचा अंगठा रोवला. काही नाही. पुन्हा रोवला. झोपली की काय ही बया! ऐन परीक्षेत पेंगणाऱ्या पोरांवर यायचा तसा त्यांना संताप आला आणि नजर हलवायची नाही हे विसरून त्यांनी मान वळवली.

उषाताई खुर्चीत उजवीकडे कलल्या होत्या. ओठाचा उजवा कोपरा खाली उतरला होता आणि तिथून चहाचा ओघळ हनुवटीवर आला होता. त्या बाईंकडे बघत होत्या. त्यांनी सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मौन मोडायचा प्रयत्न केला आणि तोंडातून शब्द नाही, नुसता घोगरा आवाज आला.

"शिल्पा!" बाई ओरडल्या. "हिला झालाय! माझ्यासारखाच!"

बाईंनी या वेळी साडी बदलली नाही, गोळी शोधली नाही, चपलाही घातल्या नाहीत. खालचा ऑटोवाला, यादगिरी आणि शिल्पा अशा तिघांनी उषाताईंना खुर्चीसकट खाली आणलं. बरकतपुऱ्यापासून नल्लकुंट्यातल्या त्याच हॉस्पिटलापर्यंत बाई ऑटोत त्यांचा निर्जीव हात धरून बसल्या होत्या आणि एकच गोष्ट मनात घोकत होत्या, की गोळ्यांची युक्ती मी शिकवली. मी शिकवली.

हॉस्पिटलात अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती. तपासणी झाली, डोक्याचा स्कॅन झाला. इमर्जन्सीतला तरुण डॉक्टर बाहेर आला तो घाईत होता.

"रक्तस्राव नाही, रक्ताची गाठ अडकली आहे. गाठ विरघळवायचं इंजेक्शन आहे, पण ते पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव व्हायची भीती. अम्मा, ये आखरी बार ठीक कब थे? बोलताना कधी ऐकलंत?"

"काल संध्याकाळी साडेसात," बाई म्हणाल्या. "पण आज सकाळी ठीक होती. सोमवारी ती मौन धरते."

"म्हणजे उठल्यापासून बोलल्याच नाहीत. चालताना कुणी पाहिलं?"

बाईंनी आठवून बघितलं. त्यांनी सपाता ऐकल्या होत्या, पाहिलं काही नव्हतं. डावीकडून आलेलं काहीच त्या पाहत नव्हत्या.

"मी गेले तेव्हा मावशी बसूनच होत्या सर," शिल्पा म्हणाली. "हात जोडले, बस."

"एवढ्यावरून पाय, तोंड, काही सांगता नाही येणार." डॉक्टरने कागदावर वेळ लिहिली. संध्याकाळ, साडेसात. "झोपेतही झालं असेल. जवळजवळ सोळा तास धरावे लागतील. सॉरी अम्मा, इंजेक्शन नाही देऊ शकत."

तो वळला. बाईंच्या डोळ्यांपुढे एकोणिसावा मजला उभा राहिला, लिफ्टमधलं मशीन उभं राहिलं, खिडकी उभी राहिली. हे सगळं फार वेळ उभं राहिलं असं मी म्हणणार नाही. डॉक्टर तीन पावलं गेला असेल.

"थांबा!" छत्तीस वर्षं वर्गाला थांबवणारा तो आवाज होता. डॉक्टर थांबला, शेजारचा वॉर्डबॉयसुद्धा थांबला. "ती ठीक होती. माझ्याकडे पुरावा आहे. शिल्पा, तुझ्या त्या पाटीवर प्रत्येक उत्तराची वेळ येते का?"

"हौ, येतंय की."

"बोटांच्या नवव्या उत्तराची वेळ बघ."

शिल्पाने बघितली. "दहा बेचाळीस."

"तोवर तिचा उजवा पाय चालत होता आणि डोकंही चालत होतं. ती उत्तरं माझी नव्हती. मला डावीकडचं दिसत नाही, एक बोटही दिसत नाही. उषा टेबलाखालून पाय दाबून सांगत होती. आम्ही कॉपी करत होतो."

शिल्पा बघतच राहिली. डॉक्टरने कपाळाला आठी घातली, मग समोर येऊन दोन्ही हात धरले. "माझ्या नाकाकडे बघा." त्याने बाईंच्या डावीकडचं बोट हलवलं. पुन्हा हलवलं, जोरात. बाईंना काही दिसलं नाही.

"अंदाजाने नऊ बरोबर आली असतील," तो म्हणाला, पण आता त्याचा आवाज बदलला होता.

"प्रत्येक वेळी माझ्यासमोर दोन शक्यता, डावं हललं किंवा नाही हललं. नऊच्या नऊ बरोबर यायची शक्यता पाचशे बारांत एक. मी गणिताची मास्तरीण आहे, डॉक्टर. आणि दहाव्याला दाब आला नाही. तिचा पाय तिथे गेला. दहा बेचाळीस ते आता अकरा पंचवीस. त्रेचाळीस मिनिटं झाली, साडेचार तास नाही. तुम्ही अजून उभे का?"

डॉक्टरने वरच्या डॉक्टरांना फोन लावला. त्याने काय सांगितलं ते बाईंना नीट ऐकू आलं नाही, फक्त मध्ये एकदा "नहीं सर, पाँव से" असं ऐकू आलं. मग त्याने कागदावरची वेळ खोडली आणि नवी लिहिली. बीपी आधी खाली आणावं लागलं, कारण ते दोनशेच्या पुढे होतं. अकरा वाजून पन्नास मिनिटांनी इंजेक्शन सुरू झालं.

बाई बाकावर बसल्या. तिथे त्यांना रडू फुटलं. लोक बघत होते आणि त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

दुपारी गिरीश धावतपळत आला. उषामावशींना काय झालं ते त्याला कळलं, कॉपीचं कळलं नाही. ते सांगायला कुणाला सवड नव्हती आणि बाईंनी मूग गिळले. सांगू उद्या, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उषाताई उजवा पाय गुडघ्यात वाकवत होत्या. हाताला अजून जोर नव्हता. बोलणं मात्र येत नव्हतं, म्हणजे नर्सने विचारलं तर नुसत्या बघायच्या. बाई पलंगापाशी जाऊन बसल्या, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "उषे, माझ्यामुळे झालं हे. गोळ्यांचं खूळ माझं. मला माफ कर."

उषाताईंनी त्यांच्याकडे बराच वेळ टक लावून बघितलं, ओठांची जुळवाजुळव केली आणि स्पष्ट म्हणाल्या, "हौली!"

भजनी मंडळात पहिल्या रांगेत बसणाऱ्या उषाताई, सव्वीस वर्षांचं मौन, आणि आजाराने बंद पडलेल्या तोंडातून पहिला शब्द निघाला तो 'हौली', म्हणजे येडी. नर्स धावत आली. बाईंना हसावं की रडावं कळेना, म्हणून त्यांनी दोन्ही केलं. गिरीश सगळ्यांसाठी कॉफी आणतो म्हणून खाली गेला.

तेवढ्यात शिल्पा आली. ती दारापाशी घुटमळली, मग बाईंच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली. कुठल्या बाजूला उभं राहायचं ते तिला आता माहीत होतं.

"टीचर, कालचा फॉर्म अजून ओपन आहे. शेवटची दोन उत्तरं सोडली तर सगळं बरोबर दिसतंय. त्या दोन्हींना 'पेशंट डिस्टर्ब' लिहिता येतंय." ती थांबली. "स्कोअर एक येईल. इमर्जन्सीवाले सर वेगळे, स्टडीवाले वेगळे. गिरीश सरांना कोण सांगणार? तुम्ही काल जे केलं ना, त्याच्यानंतर मेरेकू नक्को वाटतंय तुम्हाला तीन द्यायला."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. किती तरी पोरांनी आपल्याकडे असंच बघत गयावया केली होती, टीचर, एकदाच सोडा. आणि आज एक पोरगी आपणहून सोडत होती. घर तिथे होतं, हात पुढे केला की मिळणार होतं. आणि त्यांना ते फार हवं होतं.

"पुसून टाक सगळं," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून विचार."

"टीचर..."

"विचार म्हणते ना."

शिल्पाने टॅब उघडला. "स्वयंपाक स्वतः करता?"

"करते. गॅसची डावीकडची शेगडी दोनदा पेटतीच राहिली. उषाने बंद केली."

"बाहेर एकट्या जाता?"

"जात होते. परवा चमनच्या चौकापाशी डावीकडून स्कूटर आली ती दिसली नाही. उषाने पदराला धरून मागे ओढलं. पदर फाटला."

"औषधं रोज?"

"तीन महिने रोज. त्याआधी बारा वर्षं, तपासणीच्या आधी तीन दिवस फक्त."

शिल्पाचं बोट थांबलं. "हे पण लिहू?"

"हेच आधी लिही. माझा तो सुरेख आकडा बघून डॉक्टरांनी डोस निम्मा केला. त्यांची काय चूक? तुमच्या यादीत माझ्यासारख्या किती असतील, सांग बघू. सगळ्यांचे आकडे चांगले आणि सगळ्या धडाधड पडतायत. तुमच्या अभ्यासाचं गणित जन्मात जुळणार नाही. आणि ते जुळत नाही तोवर अशा उषा इथे येत राहणार."

शिल्पाने लिहिलं. बराच वेळ लिहिलं. मग हळूच म्हणाली, "तीन येतंय टीचर."

"तीनच यायला हवा." बाईंनी पदराने नाक पुसलं. "गिरीश वर आला की मीच सांगेन, तू मध्ये पडू नकोस. ओरडला तर ओरडू दे. मला तिथे करमणार नाही, हेही सांगणार आहे. दिवसभर भिंतींशी काय बोलू, हेही विचारणार आहे. पण जाईन. उषाला घरी सोडलं की सामान बांधायला घेईन."

शिल्पाने टॅबवरून मान वर केली. ती बाईंच्या डाव्या खांद्यापलीकडे बघत होती.

"टीचर, सर आलेत."

"कधी?"

"स्कूटरच्या टायमाला."

गिरीश बाईंच्या डाव्या बाजूला उभा होता, दोन्ही हातांत कॉफीचे कप. तो ओरडला नाही.

"तीन महिने लपवलंस, आई?"

"तीन महिने."

दर रविवारी तो बरकतपुऱ्याला यायचा आणि पंख्याखालच्या खुर्चीवर बसायचा. ती खुर्ची बाईंच्या डाव्या हाताला होती. मान वळवली तर बिंग फुटेल म्हणून बाई सरळ समोर बघून, आवाजाच्या अंदाजाने हसून वेळ मारून नेत. तो काहीबाही सांगत राहायचा, त्या हूं हूं करत राहायच्या.

गिरीशने कप खाली ठेवले. कोपऱ्यातलं स्टूल उचललं, पलंगाच्या पायथ्याकडून वळसा घेतला आणि ते बाईंच्या उजव्या बाजूला, अगदी गुडघ्याला गुडघा लागेल असं मांडून बसला.

"इथून दिसतो?"

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. डोळ्यांखाली काळं आलं होतं. शर्ट खांद्यांवर सैल पडला होता. हे सगळं कधी झालं, त्यांना ठाऊकच नव्हतं.

"दिसतोस," त्या म्हणाल्या, आणि त्याच्या गालाला हात लावला. "किती वाळलायस रे गिरीश."